मुंबईच्या साहेबांना कधी गाठायचं?

निवडणूक शाखेत नायब तहसीलदार म्हणून बसायचो तेव्हा लोक दारातूनच विचारायचे, "वरचे साहेब कुठं बसतात?" वरचे म्हणजे नक्की कोण, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. निवृत्त होऊन हे सदर लिहायला लागलो तरी प्रश्न तोच आहे, फक्त आता पाकिटातून येतो. या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच खुर्चीबद्दल आहेत: राज्याचा मुख्य निवडणूक अधिकारी.

आधी नावांचा घोळ निस्तरू. मुख्य निवडणूक आयुक्त दिल्लीत. मुख्य निवडणूक अधिकारी मुंबईत. राज्य निवडणूक आयुक्तही मुंबईतच, पण वेगळ्या घरातले. जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे आपले जिल्हाधिकारी. आणि निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे अर्ज घेणारा, छाननी करणारा, निकाल वाचणारा आरओ. शाखेत आम्ही मुंबईच्या साहेबांना 'सीईओ' म्हणायचो. जिल्ह्यात 'सीईओ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी येतात. मतदार यादीच्या तक्रारी घेऊन जिल्हा परिषदेत जाऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथल्या शिपायानं त्यांना घरकुलाच्या रांगेत उभं केलं होतं.

विधानसभेला माझं आणि बायकोचं नाव एकाच पानावर होतं. नगरपालिकेच्या प्रारूप यादीत ती आमच्या प्रभागात आणि मी ओढ्यापलीकडच्या. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना ईमेल केला तर उत्तर आलं, हा विषय राज्य निवडणूक आयोगाचा आहे. दोघंही मुंबईत, दोघंही निवडणूकवाले, मग ही टोलवाटोलवी कशाला?
— एक किराणा दुकानदार, कोल्हापूर जिल्हा

दादा, या वेळी टोलवाटोलवी नाही. उत्तर बरोबर होतं, फक्त अर्धं होतं.

लोकसभा, विधानसभा, राज्यसभा, विधान परिषद या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, संविधानाच्या अनुच्छेद ३२४ प्रमाणे. त्या आयोगाचा राज्यातला माणूस म्हणजे मुख्य निवडणूक अधिकारी. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर हा आयोग आला, अनुच्छेद २४३ के आणि २४३ झेडए मधून. राज्य निवडणूक आयुक्त मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या हाताखाली नाहीत, आणि उलटंही नाही. राज्य निवडणूक आयुक्तांना काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकी खटपट करावी लागते. मुख्य निवडणूक अधिकारी मात्र नोकरीत असलेला सनदी अधिकारी असतो.

गोंधळ होतो तो यादीमुळे. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी करत नाही. एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेची जी यादी असेल ती उचलून तिची प्रभागवार फोड करायला लावतो. ही फोड नगरपालिकेचे कर्मचारी करतात, तीही थोड्या दिवसांत. तुमच्या यादीभागातली घरं ओढ्याच्या दोन्ही बाजूंना असतील तर कोणीतरी टेबलावर बसून ओळीमागून ओळ चिन्हांकित करत गेलेलं असतं. रात्री अकराला घरक्रमांक नसलेली ओळ आली की हात थांबतो, आणि मग अंदाजानं पुढं जातो. तुमची ओळ त्या अंदाजात सापडली असणार.

म्हणून तुमची हरकत मुंबईला नको, नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे द्या, आणि तीही हरकतींची मुदत संपायच्या आत. तिथं तीनच गोष्टी दुरुस्त होतात: लेखनिकाची चूक, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून गळालेलं नाव. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे. विधानसभेच्या यादीची तुमची आणि पत्नीची ओळ असलेलं पान, दोघांचं लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती जोडा आणि पोच घ्या. नाव विधानसभेच्याच यादीत नसेल तर मात्र नगरपालिका काहीही करू शकत नाही. ते काम मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं, म्हणजे बहुधा प्रांत कार्यालयाचं, आणि त्या साखळीच्या वरच्या टोकाला मुख्य निवडणूक अधिकारी आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विरोधी पक्षांचे मोठमोठे नेते यादीतल्या घोळाची तक्रार घेऊन मुंबईत गेले, तेव्हा त्यांनाही दोन्ही दारं वाजवावी लागली होती. तुमचा ईमेल चुकीच्या दारात गेला यात लाजण्यासारखं काही नाही.

जाता जाता: साखर कारखाना, जिल्हा बँक यांची निवडणूक या दोन्ही घरांत बसत नाही. तिला राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आहे. आणि अडीचशेपर्यंत सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेची निवडणूक तर संस्थाच घेते. एका सोसायटीच्या चेअरमननं मला फोन करून आचारसंहितेबद्दल विचारलं होतं. गच्चीच्या चाव्या कोणाकडे, एवढाच तिथला वाद होता.

हे मुख्य निवडणूक अधिकारी राज्य सरकारचेच नोकर ना? मग सत्ताधाऱ्यांच्या विरोधात ते काय बोलणार?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे

प्रश्न बोचरा आहे, तो तसाच असायला हवा.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम १३क वाचा, परीक्षेलाही येतं. प्रत्येक राज्याला एक मुख्य निवडणूक अधिकारी असेल, तो शासनाचा अधिकारी असेल, आणि राज्य सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक आयोग त्याचं नाव ठरवेल. व्यवहारात राज्य सरकार काही नावं पाठवतं आणि आयोग त्यातलं एक उचलतो. पगार राज्याचा, आदेश दिल्लीचा. यादीच्या कामावर असलेले सगळे, अगदी जिल्हाधिकाऱ्यांपासून खाली, त्या कामापुरते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं कायदा मानतो. निवडणुकीची अधिसूचना निघाली की निकालापर्यंत पोलीसही त्यात येतात, १९५१ च्या अधिनियमाच्या कलम २८क खाली. तेवढ्या काळात या माणसांना शिस्त लावायची ती आयोगानं.

कागदावर हे भक्कम आहे. आता आतली गोष्ट. आचारसंहिता लागली की मंत्रालयातला एखादा विभाग म्हणतो, आमची ही निविदा थांबता कामा नये. तो प्रस्ताव मुख्य सचिवांच्या छाननी समितीपुढे जातो, तिथून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांमार्फत आयोगाकडे. म्हणजे कालपरवापर्यंत ज्या सचिवांच्या शेजारी बसून चहा घेतला, त्यांच्या फायलीवर या साहेबांना शेरा मारायचा असतो. आणि निवडणूक संपली की पुढची बदली पुन्हा त्याच सरकारच्या हातात. कच्चा दुवा तो हाच, आणि नोकरीभर तो मला खुपला. काही साहेब निवडणुकीनंतर कुठल्या अडगळीत गेले ते आम्ही शाखेत बोटांवर मोजायचो. काही चांगल्या जागी गेले, तेही मोजायचो.

खाली तालुक्यात मात्र त्या खुर्चीचा धाक खरा असतो. आचारसंहिता लागल्याच्या संध्याकाळी मुंबईहून विचारणा यायची: किती फलक उतरवले, किती कोनशिला झाकल्या, अहवाल पाठवा. एका तालुक्यात आमच्या शिपायानं सभागृहाच्या कोनशिलेवर मोठ्या इमानदारीनं वर्तमानपत्र चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधी पक्षाचा कार्यकर्ता फोटो घेऊन हजर. कोनशिलेवरचं नेत्याचं नाव झाकलं गेलं होतं, पण चिकटवलेल्या पानावर त्याच नेत्याची वाढदिवसाची पानभर जाहिरात होती, हसऱ्या फोटोसकट. त्या दिवसापासून आमच्या तालुक्यात कोनशिलेला फक्त खाकी कागद.

माझी आई हयात आहे. यादीत तिच्या नावावर 'मयत' म्हणून काट मारली. बीएलओ, म्हणजे आमच्या मतदान केंद्राची यादी बघणारी बाई, म्हणते वरून झालं, तहसील म्हणते बीएलओनं अहवाल दिला. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे थेट तक्रार करू का?
— एक शिक्षिका, लातूर जिल्हा

बाई, करा, पण आधी बाकीचं करा. आणि हे उत्तर लांबेल, कारण या चुकीत मीही एकदा होतो.

कोणत्या जिल्ह्यात ते सांगत नाही. निवडणुकीचा हंगाम होता. एक आजी पिशवी घेऊन शाखेत आल्या. पिशवीतून पोस्टाचं नव्हे, बँकेचं पासबुक काढलं, निराधार योजनेचं. नऊवारीच्या पदरानं ते पुसलं आणि माझ्या टेबलावरच्या काचेवर ठेवलं. म्हणाल्या, "मी मेले आसंल तर ह्यो पगार कोण घेतंय, ते तरी सांगा." पासबुकात मागच्याच महिन्याची नोंद होती. मी वगळणीची नस्ती काढली. त्याच गल्लीत, त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या आजी वारल्या होत्या. दोघींच्या नवऱ्यांची नावं वेगळी. अंगणवाडीताईंनी अहवालात फक्त नाव आणि गल्ली लिहिली होती, यादीतला अनुक्रमांक टाकताना वरची ओळ धरली. मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता. आणि टिपणीवर सही माझी होती.

मग मी कायदा पुन्हा उघडला, आणि जे दिसलं ते तोवर कधी नीट वाचलं नव्हतं. १९५० च्या अधिनियमाचं कलम २२. एखाद्याचं नाव तो आता इथं राहत नाही म्हणून वगळायचं असेल, किंवा तो पात्र नाही म्हणून वगळायचं असेल, तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायची. पण मयत म्हणून वगळताना ही अट नाही. कशी असणार? मेलेल्या माणसाला नोटीस कोण बजावणार? कायद्याचं हे म्हणणं अगदी शहाणपणाचं आहे, आणि जिवंत माणसं नेमकी याच शहाणपणातून गळतात. स्थलांतरित म्हणून चुकलं तर निदान एक नोटीस दारावर येते. मयत म्हणून चुकलं तर मतदानाच्या दिवशी कळतं. म्हणूनच मयताच्या वगळणीत दाखला आणि शेजाऱ्यांची चौकशी यांना एवढं महत्त्व आहे. तिथं आळस केला की मागं कुठलीही जाळी नाही.

त्या आजींचं काय झालं? अर्ज भरायची मुदत आदल्या दिवशी तीन वाजता संपली होती. कलम २३ चं पोटकलम ३ म्हणतं, उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत बदल नाही. मी जिल्ह्याला फोन केला, जिल्ह्यानं मुंबईला केला. मुंबईहून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या उपसचिवांनी उलट मलाच विचारलं, "मयत म्हणून किती वगळलेत, आणि दाखले किती जोडलेत?" दाखले निम्म्यांचेही नव्हते. ते म्हणाले, आता या बाईंसाठी मी काही करू शकत नाही, साहेबही करू शकत नाहीत, पण निवडणूक झाली की तुमच्या सगळ्या मयत नस्त्या पुन्हा तपासायच्या आणि अहवाल माझ्या टेबलावर. ते झालं. दोन महिने लागले. त्यात आणखी जिवंत माणसं निघाली. आजींचं नाव पुढच्या पुनरीक्षणात लागलं. त्या पुन्हा आल्या नाहीत, नातू आला आणि नवीन कार्ड घेऊन गेला.

आता तुमच्या आईचं. निवडणूक जाहीर झालेली नसेल तर आधी नमुना ६ भरून टाका, नवीन नोंदणीचा. "मी जुनी मतदार, नवीन अर्ज का भरू" असा मान धरू नका, हा मार्ग सगळ्यात लवकर पोचतो. सोबत मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना वेगळं पत्र द्या: कोणत्या अहवालावरून, कोणत्या दाखल्यावरून नाव वगळलं, त्या आदेशाची प्रत द्या. वगळणीचा आदेश असतोच, 'वरून झालं' हा आदेश नव्हे. त्या आदेशाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येतं. तिथं पटलं नाही तर तीस दिवसांत दुसरं अपील, आणि ते ऐकतात स्वतः मुख्य निवडणूक अधिकारी. कलम २४ आहे ते. पहिल्या अपिलाशिवाय थेट मुंबईला गेलात तर तिथून तुमचा कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे परत येईल, आणि तुमचे पंधरा दिवस टपालात जातील.

बीएलओवर रागावू नका. ती बहुधा तुमच्यासारखीच शिक्षिका नाहीतर अंगणवाडीताई असेल, आपलं मूळ काम सांभाळून हे करत असेल. राग त्या टिपणीवर सही करणाऱ्यावर काढा.

माझी मुलगी अमेरिकेत असते. ती म्हणते तिथं राज्याचा निवडणूक प्रमुख पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. हे खरं का? आपलं बरं की त्यांचं?
— निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

खरं आहे, निदान बऱ्याच राज्यांत. १९९३ च्या तिथल्या मतदार नोंदणी कायद्यानं राज्यांना एक मुख्य निवडणूक अधिकारी नेमायला सांगितलं, आणि अनेक राज्यांत ते काम 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'कडे असतं. आपण हा शब्द ऐकला की परराष्ट्रमंत्री आठवतो. राज्यातला सेक्रेटरी ऑफ स्टेट वेगळा: त्याच्याकडे बहुधा राज्याची मोहोर, कंपन्यांची नोंदणी आणि निवडणुका एकत्र. काही राज्यांत तो निवडून येतो, काहींत राज्यपाल नेमतो, काहींत त्याऐवजी मंडळ असतं. एकच साचा नाही.

यात काय होऊ शकतं ते २००० साली फ्लोरिडात दिसलं. तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरिन हॅरिस याच अध्यक्षपदाचे उमेदवार बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षा होत्या, आणि ५३७ मतांच्या फरकाचा तो निकाल प्रमाणित करण्याचं काम त्यांचंच. उलटंही होतं. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे. त्यांनी नकार दिला.

आपलं बरं की त्यांचं हे मी एका ओळीत सांगणार नाही. त्यांच्याकडे पक्ष उघड दिसतो आणि लोक चार वर्षांनी त्याला घरी बसवू शकतात. आपल्याकडे पक्ष नाही, पण मतदार त्याला घरीही बसवू शकत नाहीत. एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मुंबईतल्या साहेबांना असा फोन केला तरी करणाऱ्याचा उपयोग शून्य. मतांचा आकडा त्यांच्या हातात येतच नाही. तो मतदारसंघातल्या आरओच्या हातात असतो. पुढच्या पत्राचं उत्तर त्यामुळंच सोपं झालं.

मी बूथवर पोलिंग एजंट होतो. आमचा उमेदवार थोडक्यात पडला. आम्ही मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे फेरमोजणी मागितली, त्यांनी नाही म्हटलं. ते राज्यातले सर्वोच्च अधिकारी असून नाही कसं म्हणतात?
— एक कार्यकर्ता, जळगाव जिल्हा

कारण त्यांना तो अधिकार नाही. फेरमोजणीचा अर्ज आरओकडे द्यायचा, तोही निकाल जाहीर व्हायच्या आधी, मोजणीच्या टेबलाजवळ उभं राहून. आरओ लेखी कारण देऊन मान्य करतात किंवा फेटाळतात. एकदा निकाल वाचला की रस्ता एकच: पंचेचाळीस दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. उमेदवारी अर्जाच्या छाननीतही तेच. माझ्यासमोर एका उमेदवारानं आरओच्या दालनातून थेट मुंबईला फोन लावला होता, फोन स्पीकरवर टाकला, आम्हाला ऐकू यावं म्हणून. तिकडून शांतपणे आवाज आला, "निर्णय तुमच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यांचा आहे." स्पीकर बंद झाला.

तुम्ही एजंट होता म्हणून एकच विचारतो: नमुना १७सी घेतला होता का? मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष मशीनमध्ये नोंदलेल्या एकूण मतांचा हिशेब त्यावर लिहून एजंटांना प्रत देतात. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटवरचा एकूण आकडा आणि तुमच्या १७सी वरचा आकडा जुळवायचा असतो. बहुतेक एजंट संध्याकाळी सहाला कंटाळून घरी जातात आणि सकाळी मोजणीला रिकाम्या हातानं येतात. तुमच्याकडे प्रती असतील तर वकिलांना त्या आधी दाखवा, भाषण नंतर.

आणि पुढच्या वेळी खिशात दोन रुपये सुटे ठेवा. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर एजंटला केंद्राध्यक्षाकडे रोख दोन रुपये भरावे लागतात. आक्षेप खोटा किंवा खोडसाळ ठरला तर ते जप्त होतात. माझ्या एका केंद्रावर एजंटकडे पाचशेची नोट होती आणि केंद्राध्यक्षाकडे सुटे नव्हते. मतदार उभा, रांग थांबलेली. शेवटी दोन रुपये त्याच मतदारानं दिले, ज्याच्यावर आक्षेप होता.

डिसेंबर २०२० मध्ये मी पदवीधर मतदारसंघात मतदान केलं. आता माझं नाव यादीत दिसत नाही. कोणी काढलं?
— एक वकील, सातारा

कोणीच काढलं नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या याद्या त्यांच्या नियमित निवडणुकीआधी कोऱ्या पानावरून नव्यानं होतात. जुनी यादी संपली. नमुना १८ पुन्हा भरा, पदवीच्या प्रमाणपत्रासह. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर, आणि त्याआधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली हवी. शिक्षकांना नमुना १९. इथं मतदार नोंदणी अधिकारी प्रांत नव्हेत, विभागीय आयुक्त असतात. वकील असून फसलात, म्हणजे तुमच्या बार रूममध्ये आणखी पन्नास जण असतील. सूचना फलकावर लावा.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना पत्र लिहायचंच असेल तर त्यात काय लिहू, म्हणजे ते केराच्या टोपलीत जाणार नाही?
— एक गृहिणी, अमरावती

ताई, टोपलीत जात नाही. खाली येतं. तुमचं पत्र मुंबईत उघडलं जातं, त्यावर 'जिल्हा निवडणूक अधिकारी, अमरावती, चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा पडतो, जिल्ह्यातून तहसीलला, तहसीलमधून बीएलओकडे. शेवटी तुमच्याच गल्लीतली बाई तुमच्याच दारात येऊन विचारते, "तुम्ही पत्र लिहिलं होतं का?" त्यामुळे पहिलं पत्र खालीच द्या, पोच घ्या, आणि मुंबईच्या पत्राला त्या पोचेची झेरॉक्स जोडा. मग शेरा बदलतो. 'चौकशी करावी' ऐवजी 'अमुक तारखेच्या अर्जावर कार्यवाही का झाली नाही' असं येतं, आणि तहसीलमध्ये ते पत्र वरच्या कप्प्यात जातं. फोन करायचा तर १९५० हा क्रमांक आहे, तिथं तक्रार क्रमांक मागून घ्या.

पत्रात विधानसभा मतदारसंघ, यादीभाग, अनुक्रमांक आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक पहिल्या दोन ओळींत घाला. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, नीट बघून. शून्य आणि इंग्रजी 'ओ' मध्ये हमखास चुकतं. लोकशाही, बाबासाहेब, शहीद यांच्यावरचा परिच्छेद मी शेकडो पत्रांत वाचला आहे आणि त्यातल्या एकाही पत्रात अनुक्रमांक नव्हता. एका पत्रात मात्र फक्त अनुक्रमांक होता, खाली एवढंच: "ओळ बघा. माझं वय १३० लावलंय." ते आम्ही त्याच दुपारी दुरुस्तीला घेतलं.